मदत हवी आहे: हवामानयंत्राचा डिस्प्ले गेला, खळ्यातले सेन्सर जिवंत आहेत. ईएसपी३२ या चिमुकल्या संगणक-बोर्डावर कसे पकडू?

मंडळी,

गावी, संगमेश्वरजवळ, आमच्या खळ्यात दांड्यावर घरगुती हवामानयंत्र बसवलेलं आहे. सहा वर्षांपूर्वी मावसभावाने जर्मनीहून आणलं. वाऱ्याच्या वाट्या, वातकुक्कुट, पर्जन्यमापक, पांढऱ्या जाळीच्या डब्यात तापमान आणि आर्द्रता. सगळं बिनतारी, डिस्प्ले पडवीत. दिवाळीत गेलो तर डिस्प्लेतले सेल पाझरून पट्ट्यांवर हिरवं साचलेलं. चूक माझी, वेळेवर काढायला हवे होते. घासूनपुसून पाहिलं, पण तो काही उठला नाही. बाहेरचा दांडा मात्र ठणठणीत आहे, नवे सेल घातल्यावर थोड्या थोड्या वेळाने लाल दिवा लुकलुकतो.

घाई अशासाठी की बाबा पावसाची वही लिहितात. रोज सकाळी साडेआठला (हवामान खात्याचा पावसाचा दिवस तेव्हाच संपतो) आणि शेवटी नक्षत्रवार बेरीज. काचेचं माप आहे, पण यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, शेवाळलेल्या खळ्यात त्यांना उतरू द्यायचं नाही. मृगाच्या आत काहीतरी उभं करायचंय.

केलेला उद्योग: ईएसपी३२, त्याला ४३३ मेगाहर्ट्‌झचा हिरवा स्वस्त रिसीव्हर. सिरियल मॉनिटरवर (बोर्ड जे पाठवतं ते दाखवणारी लॅपटॉपवरची खिडकी) आकड्यांचा मुसळधार पाऊस पडतो. दांड्याचे सेल काढले तरी तो थांबत नाही! म्हणजे मी नक्की काय ऐकतोय? आणि यातून तापमान, पाऊस वेगळे कसे काढायचे? प्रोग्रॅमिंग कामापुरतं येतं, रेडिओतलं ओ की ठो कळत नाही.

— पडवीतला

---

चिकूवाडी: नवीन संच का घेत नाही? एवढा खटाटोप कशाला?

पडवीतला: बाहेरचं सगळं चालू असताना टाकवत नाही हो.

---

जुना ट्रान्झिस्टर: तुम्ही ऐकताय तो नुसता खरखराट. ते हिरवं बोर्ड सुपररिजनरेटिव्ह या स्वस्त, साध्या जातीचं आहे. हवेत सिग्नल नसला की ते आपणच आवाज वाढवत नेतं आणि डेटा पिनवर कचरा ओततं. त्याच्या नादी लागू नका. सुपरहेटरोडाइन, म्हणजे नेमका पट्टा निवडून ऐकणारा, रिसीव्हर घ्या, आरएक्सबी६ नावाने मिळतो, त्यावर क्रिस्टल असतो. अँटेना म्हणून १७.३ सेमी साधी तार सोल्डर करा, सरळ उभी. (३०० भागिले ४३३.९२, त्याचा चौथा हिस्सा. मीटरमध्ये येतं.) वेटोळं करून डबीत कोंबू नका, निम्मे लोक तिथेच फसतात.

आणखी एक. रिसीव्हरला ५ व्होल्ट दिले तर डेटा पिनवरही ५ येतात, ईएसपी३२ला ३.३ च्या वर सोसत नाही. मध्ये १० के आणि २० के (के म्हणजे हजार ओहम) रोधांचा विभाजक, म्हणजे व्होल्ट कमी करणारी जोडी, लावा.

सोल्डरगन: थांबा, थांबा. आधी दांडा बोलतो कुठल्या पट्ट्यात ते बघा! युरोपात ४३३ आणि ८६८ दोन्ही चालतात, अमेरिकन माल ९१५ वरही असतो. सेलच्या झाकणाआड स्टिकर असेल. नसेल तर आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा रेडिओ) कुणाकडून तरी उसना आणा, लॅपटॉपला लावा आणि आरटीएल_४३३ हा फुकट प्रोग्रॅम चालवा. शेकडो सेन्सरांची भाषा त्याला येते. त्याने ओळखलं की निम्मं काम झालं. आंधळेपणाने कोड लिहीत बसलात तर पावसाळा संपेल.

---

पडवीतला: स्टिकरवर ४३३ आहे. पुण्यातल्या मित्राचा डोंगल घेऊन गावी आलो. खळ्यात लॅपटॉप उघडला आणि मिनिटभरात नाव आलं: फाइन ऑफसेट, डब्ल्यूएच१०८०. तापमान ३३.४, आर्द्रता ७१. बाबा मागे उभे होते, म्हणाले, "भिंतीवरचा थर्मामीटर तेहतीस दाखवतोय, बरोबर आहे." दर ४८ सेकंदांनी एक ओळ येते, दिवा लुकलुकला की लगेच. आता हेच ईएसपी३२वर आणायचंय, लॅपटॉप इथे ठेवता येणार नाही.

सोल्डरगन: वा! मग सोपं आहे. या दांड्याची भाषा अशी: साधारण ५०० मायक्रोसेकंदांचा आखूड ठोका म्हणजे १, दीड हजारांचा लांब ठोका म्हणजे ०, दोन ठोक्यांमध्ये हजारभर मायक्रोसेकंद शांतता. इंटरप्ट (पिनवर बदल झाला की लगेच कोडला हाक मारणारी सोय) लावून ठोक्यांची लांबी मोजा. सुरुवातीला १ हा बिट सलग आठ वेळा येतो, ती ललकारी. पुढे दहा बाइट. त्यात सेन्सरचा क्रमांक, तापमान (दशांश अंशांत, ४०० मिळवलेलं, आधी ४०० वजा करा, मग दहाने भागा), आर्द्रता, सरासरी वारा, वाऱ्याचा झोत, पाऊस, दिशा आणि शेवटचा बाइट सीआरसी, म्हणजे आकडे नीट पोचले का ते तपासायची बेरीज (तिच्या सूत्रातला आकडा, पॉलिनॉमियल, हेक्समधलं ३१). सीआरसी जुळला नाही तर पाकीट (एका वेळी आलेला सगळा संदेश) सरळ फेकून द्या, दुरुस्त करायला जाऊ नका. एखादं हुकलं तरी पावसाचं काही बिघडत नाही, कारण दांडा "आता किती पडला" हे सांगत नाही, आजवरच्या टिपांची (पर्जन्यमापकातली चमची एकदा उलटली की एक टीप) एकूण मोजणी सांगतो. एक टीप ०.३ मिमी.

---

पडवीतला: आरएक्सबी६ने जादू केली. पडवीत, चिऱ्याच्या भिंतीआडूनही येतंय. पण दर दोन तासांनी चारेक मिनिटं सगळं गप्प होतं. कोड अडकतोय का? रीसेट करून थकलो.

जुना ट्रान्झिस्टर: कोडला हात लावू नका. तुमचा दांडा जर्मन आहे ना? फ्रँकफर्टजवळ माइनफ्लिंगेनला डीसीएफ७७ हे वेळ सांगणारं केंद्र आहे, ७७.५ किलोहर्ट्‌झवर. दांडा दर दोन तासांनी हवामान सांगणं थांबवून त्याची वेळ ऐकायचा प्रयत्न करतो. ते केंद्र फार तर दोनेक हजार किलोमीटर ऐकू येतं. तुमच्या खळ्यात बसून बिचारा रोज बारा वेळा कान टवकारतो आणि हात हलवत परत येतो.

चिकूवाडी: सहा वर्षं! 😄

---

पडवीतला: (जुलै) वेगळीच भानगड. पहाटे बाबांचा फोन, "अरे, काल उणे अकराशे ब्याण्णव मिलिमीटर पाऊस पडला म्हणतंय तुझं यंत्र. तरणा पाऊस आहे, पण इतका नव्हे." नोंदी पाहिल्या. काल सकाळी १२१०.५, आज सकाळी १८.३. मधली सगळी पाकिटं सीआरसीला बरोबर. पर्जन्यमापक बिघडला का?

सोल्डरगन: तुमच्या पावसाने जर्मन मोजणी भरून टाकली! पावसाला १२ बिटच आहेत. ४०९६ टिपा झाल्या की परत शून्य, म्हणजे १२२८.८ मिमीला एक फेरा. जर्मनीतल्या बऱ्याच गावांना एवढा पाऊस पडायला दीड-दोन वर्षं लागतात, तुम्ही दीड महिन्यात उरकलंत. वजाबाकी ऋण आली तर ४०९६ मिळवा. काल सकाळी ४०३५ टिपा होत्या, आज ६१. ४०९६ वजा ४०३५ अधिक ६१, म्हणजे १२२ टिपा, ३६.६ मिमी. मात्र सेल बदललेत की मोजणी शून्यापासून सुरू होते आणि बहुधा सेन्सरचा क्रमांकही बदलतो. कोडमध्ये ते वेगळं ओळखा, नाहीतर ४०९६ मिळवून एका दिवसात हजार मिलिमीटर पाडाल.

पडवीतला: केलं. शेजारच्या राजूने काचेचं माप बघितलं, त्यात ३८ होतं. बाबांनी वहीत ३८ लिहिलं आणि कंसात ३६.६. आता एकच राहिलं. वारा सतत उत्तरेचा दाखवतोय, ऐन जुलैत! वातकुक्कुटाचे रोध गेले असतील का?

जुना ट्रान्झिस्टर: दांड्यावर एन अक्षर कोरलेलं असतं, ते उत्तरेलाच आहे ना?

पडवीतला: बाबांना विचारलं. मे महिन्यात माकडं दांड्यावर झोका घेत होती म्हणे.