चारा गेला तर पैसे द्यावेत का? (अमेरिकेत देतात)

शिंदखेडेकर: भो, अमेरिकेत एक योजना आहे, 2008 च्या शेती कायद्यात आली आणि 2014 मध्ये कायमची झाली. दुष्काळाने कुरण वाळलं की गुरंवाल्याला थेट पैसे, ढोर मरायची गरज नाही. दर गुरुवारी दुष्काळाचा नकाशा निघतो, तुमची काउंटी (आपल्या तालुक्यासारखं समजा) त्यात ठरलेल्या पायरीच्या वर गेली की महिन्याच्या चाराखर्चाच्या 60 टक्के हिशोबाने मदत. आपल्याकडे केंद्राच्या निकषात दुभती गाय मेली तर 37,500, त्यालाही पंचनामा अन् डॉक्टरचा दाखला. म्हणजे ती मरेपर्यंत थांबा. आमच्याकडे दादर (रब्बी ज्वारी) पेरणारे कमी झाले, जिकडे तिकडे कपाशी, मग कडबा आणायचा कुठून? पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) खाऊ घालायच्या का?

पगारदार_धुळे: अर्धीच गोष्ट सांगितली तुम्ही. तिकडे एका माणसाला वर्षाला सव्वा लाख डॉलरपर्यंत मिळू शकतात, अन् हिशोब ढोरांच्या संख्येवर नाहीतर कुरणाच्या क्षमतेवर, जो कमी निघेल तो. म्हणजे त्या क्षमतेपर्यंत जेवढी ढोरं जास्त तेवढे पैसे, मग दुष्काळात गवत पुरत नसलं तरी कळप कमी कोण करणार? ज्या भागात दर दोन-तीन वर्षांनी दुष्काळ पडतो तिथे त्याला आपत्ती म्हणायचं की हवामान?

शिंदखेडेकर: पगारदार साहेब, महागाई भत्ता पण दर सहा महिन्यांनी येतो, त्याला काय म्हणायचं 😄

पगारदार_धुळे: विषय बदलू नका.

रावेरचा_केळीवाला: मला पैसे वाटणंच पटत नाही. दुष्काळात सगळ्यांच्या हातात पैसे आले की कडब्याच्या पेंढीचा भाव दुप्पट, फायदा गंजी लावून बसलेल्याचा. आणि अशा वर्षी कलेक्टर जिल्ह्याबाहेर चारा न्यायला बंदी घालतात, म्हणजे बाहेरून पण येणार नाही. त्यापेक्षा चारा द्या ना. मका निघतो तेव्हाच मुरघास (हिरवा चारा हवाबंद मुरवून) करून ठेवायला पैसे द्या. आमच्याकडे केळीचा घड कापला की खोडं-पानं बांधावर सडतात, नुसत्या केळीवर ढोर जगत नाही हे मान्य, पण कडब्याच्या कुट्टीत मिसळून चालतं, आम्ही घरी करतो.

शिंदखेडेकर: चारा द्या म्हणजे सरकारी चारा छावणीच ना, जिथे ढोरं नेऊन बांधायची? 2019 ला मोठ्या जनावराला दिवसाला 100 अन् लहानाला 50 रुपये दर होता, तेव्हा दावणीला कमी आणि रजिस्टरला जास्त ढोरं अशी बोंब झालीच होती. बरं, छावणीत घरातलं एक माणूस अडकून पडतं त्याची मजुरी कोण देतं.

मेंढरामागचा_पोऱ्या: तुम्ही सगळे दावणीच्या ढोराबद्दलच बोलून राहिले. आम्ही ठेलारी मेंढपाळ, साक्री तालुक्यातले, घरी दीडशे मेंढरं, सात-बारा शून्य. मेंढरं छावणीत बांधून ठेवता येतात का हो? आणि दादा तुमची ती अमेरिकेची योजना, तीत पण कुरण मालकीचं नाहीतर भाड्याचं लागतं. आम्ही दुसऱ्याच्या वावरात मेंढरं बसवतो, त्याला खत मिळतं, आम्हाला दाणे नाहीतर थोडेफार पैसे, याची पावती कोणी देत नाही. राज्याच्या महामेश (मेंढीपालनाच्या) योजनेत चराई अनुदान आहे, जून ते सप्टेंबर महिन्याला 6,000, वीस मेंढ्या अन् एक नर पाहिजे. ते आहे पावसाळ्याचं, कारण तेव्हा वावरात पिकं उभी असतात, जंगलात शिरू देत नाहीत, मेंढरू न्यायचं कुठं. पाऊस दांडी मारतो त्या वर्षी खरी वाट लागते जानेवारीपासून, तेव्हा त्या अनुदानात काहीच बसत नाही.

पगारदार_धुळे: हे मात्र मला माहीत नव्हतं. तरी विचारतो, दीडशेच्या शंभर केल्या तर?

मेंढरामागचा_पोऱ्या: दुष्काळात विकायला गेलं की व्यापारी निम्म्याला मागतो. आणि पन्नास विकल्या तर पुढच्या वर्षी कोकरं कमी, मग त्या वर्षाचं काय?

रावेरचा_केळीवाला: तुला पैसे पाहिजेत की चारा, ते तर सांग.

मेंढरामागचा_पोऱ्या: दोन्ही नको भाऊ. गावोगावचं गायरान अतिक्रमणात गेलंय ते मोकळं करा, अन् दुष्काळ जाहीर झाला की त्या सालापुरता जंगलात चराईचा पास द्या. तुमची केळीची पानं साक्रीपर्यंत आणायचं डिझेल कोण देणार, ते आधी बोला.

रावेरचा_केळीवाला: डिझेलचं सरकारने बघावं की!

पगारदार_धुळे: आला का परत अनुदानावर 🙏