काउंटी तुरुंगातील व्यक्तीची माहिती कोठे शोधावी
अटक झालेल्या नातेवाइकाचे नाव अमेरिकेच्या फेडरल (केंद्रीय) कारागृह विभागाच्या यादीत सापडत नसल्यास वाटणारी काळजी मी समजू शकतो; परंतु काउंटीचा (अमेरिकेतील जिल्ह्यासारख्या स्थानिक विभागाचा) तुरुंग बहुतेक ठिकाणी तेथील शेरीफ (काउंटीचा कायदा-सुव्यवस्था अधिकारी) चालवतो, त्यामुळे कैद्यांची नावे, आरोप आणि जामिनाची रक्कम बहुधा शेरीफच्याच संकेतस्थळावर मिळते. अटकेनंतर नोंदणी पूर्ण होईपर्यंत नाव दिसत नाही, तेव्हा तुरुंगाला सरळ फोन करावा. क्षीरसागरसारखे आडनाव असल्यास स्पेलिंग बदलूनही पाहावे. अटकेची छायाचित्रे काढून टाकण्यासाठी पैसे मागणाऱ्या खासगी संकेतस्थळांवर मात्र कृपया विसंबू नका. आरोप म्हणजे दोषसिद्धी नव्हे. व्यक्ती भारतीय नागरिक असल्यास, वकिलातींसंबंधीच्या १९६३ च्या आंतरराष्ट्रीय व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ नुसार, भारतीय वकिलातीला कळवावे अशी मागणी तिला स्वतः करता येते.