प्रतिसाद: शेतीच्या व्यवहारातील दलाल

सातबारा ऑनलाइन मिळत असल्याने आता दलालाची गरज उरली नाही, हे वरचे मत मला पटत नाही. कारण धुरा (शेताचा बांध) कोणी कोरला, विहिरीत कोणाचा हिस्सा आहे, सातबाऱ्यावर नाव असलेली बहीण सही करणार की नाही, हे त्या कागदावरून कळत नाही. ते गावातल्या माणसालाच ठाऊक असते.

मात्र हीच माहिती दलालाने दडवली, तर फार नुकसान होते. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात 3 एकर घेतले तेव्हा दलालाने चैत्रात, वावरे मोकळी असताना, शेजाऱ्याच्या शेतातून सरळ चालवत नेऊन जमीन दाखवली. मृगानंतर तिथे कपाशी उभी राहिली आणि आमची बैलबंडी बांधावरच अडली. रस्त्यासाठी महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा लागला. शेकडा 2 दलाली मात्र तो खरेदीखताच्या दिवशीच घेऊन गेला होता.

2016 च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यातील एजंटची नोंदणी नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीपुरती आहे, साध्या शेतजमिनीच्या दलालाला ती लागत नाही, आणि मला हीच मोठी उणीव वाटते. म्हणून इसार देण्यापूर्वी मोजणीचा नकाशा व फेरफार (मालकीबदलाच्या नोंदी) स्वतः पाहावेत, भोगवटादार वर्ग 2 ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) किंवा आदिवासी खातेदाराची जमीन असल्यास परवानगीचा आदेश मागावा, आणि दलालीचा काही भाग फेरफार मंजूर होईपर्यंत राखून ठेवण्याचे आधीच ठरवावे.