विवेचक ऋण येतो, मग दगड समुद्रात पडतो कसा?

अकरावी_काणकोण
काब द राम किल्ल्याच्या तटावरून, समुद्रापासून ४० मी. उंची धरून, दगड २० मी./से. वेगाने ३०° वर फेकला. पाण्यात कधी पडेल? गुरुत्व त्वरण १०. उभा वेग २० × साइन ३०° = १०. वेळ क्ष धरून ४० = १०क्ष − ५क्ष², म्हणजे क्ष² − २क्ष + ८ = ०. विवेचक (सूत्रात वर्गमुळाखाली येतो तो ब² − ४अक) ४ − ३२ = −२८. सर, चुकतंय कुठे?

फिजिक्स_मडगाव
चिन्हात. वरची दिशा धन धरलीस, तर पाणी −४० वर आहे. दगड तटाच्याही वर ४० मी. कधी जाईल, असं तुझं समीकरण विचारतंय. तो १०² ÷ (२ × १०) = ५ मी.च चढतो, तेव्हा ऋण विवेचक खरंच सांगतोय: कधीच नाही!

−४० = १०क्ष − ५क्ष²
क्ष² − २क्ष − ८ = ०
(क्ष − ४)(क्ष + २) = ०

वेळ ४ से., आडवा वेग २० × कॉस ३०° = १७.३२, आडवं अंतर १७.३२ × ४ = ६९.३ मी. कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे ना बघ. रेडियनवर साइन ३० चक्क −०.९८८ दाखवतो.

वर्गसमीकरण_फोंडा
पेपरात −२ सोडून दे, पण पडताळ्याला ते कामी येतं. मुळांची सरासरी १ से., आणि दगड सर्वांत उंच असतो तोच हा क्षण (उभा वेग ÷ त्वरण). हे जुळलं नाही तर मांडणी तपास.

अकरावी_काणकोण
कळलं. मग ४५° वर फेकला तर आणखी लांब जाईल ना?

वर्गसमीकरण_फोंडा
नाही रे. ४५° सपाट मैदानापुरतं. इथे ४५° ला ४.५८ से. लागतात, पण आडवा वेग १४.१४ वर येतो, अंतर ६४.७ मी.च.

उलट बाजूने बघ. होडी ६० मी.वर आहे, कोन काढायचा. टॅनला म म्हण. वेळ = ६० ÷ (२० × कॉस) वरच्याच समीकरणात घाल, १ ÷ कॉस² = १ + म²:
−४० = ६०म − ४५(१ + म²)
९म² − १२म + १ = ०

म = ०.०८९ किंवा १.२४४, म्हणजे ५.१° आणि ५१.२°. इथे दोन्ही मुळं चालतात. एक दगड जवळजवळ सरळ जातो, दुसरा उंच चढून उतरतो. होडी लांब नेलीस की दोन कोन जवळ येत जातात. ६९.३ मी.ला विवेचक शून्य, कोन एकच: ३०°. तुझ्या गणितातला कोन नेमका तोच. त्यापलीकडे विवेचक पुन्हा ऋण, आणि होडी सुरक्षित.