चार्जर कारवाल्यांचा, टेम्पोवाल्यानं जायचं कुठं?

कोरेगावकर

मंडळी, माझा कोरेगाव ते पुणे मार्केट यार्ड भाजीपाल्याचा धंदा. दोन डिझेल पिकअप आहेत, त्यातली एक इंजिनकामाला आलीय. शोरूमवाला महिनाभर मागे लागला होता, "शेठ, इलेक्ट्रिक घ्या, किलोमीटरला रुपया पडतो." म्हणून मेव्हण्याची इलेक्ट्रिक गाडी चार दिवस मागून घेतली. कंपनी सांगत नाही, कारण माझी तक्रार गाडीवर नाहीच. पण मत सरळ सांगतो: आपल्या सातारा जिल्ह्यात भाड्यानं माल वाहणाऱ्यानं आत्ता इलेक्ट्रिक पिकअप घेऊ नये.

पहिल्याच रात्रीचं ऐका. दहाला मेथी-फ्लॉवर भरून निघालो. कागदावर दीडशे किलोमीटरची गाडी, भरल्यावर ११० धरा. खंबाटकीचा बोगदा ओलांडेपर्यंत निम्म्याच्या वर गेली. शिरवळच्या अलीकडे एका हॉटेलात चार्जर दिसला, तेव्हा तीस टक्के उरले होते. एकच गन (केबलच्या टोकाचा गाडीत लावायचा प्लग), तिला एक कार लावलेली आणि कारवाला वर जेवायला बसलेला. तो पाऊण तासानं आला. मग मी गाडी लावायला गेलो तर वॉचमन म्हणतो, "टेम्पो हितं नाही, माल उतरवायचा असंल तर किचनच्या मागं जा." त्याला समजावलं. जागा कारच्या मापाची, हौदा मागे रस्त्यावर आला, केबल पुरेना. गाडी उलटी लावली तेव्हा कुठं गन बसली. त्यानंतर ॲप उतरवा, ओटीपी टाका, वॉलेटमध्ये आधी पैसे भरा. माझ्या मेथीनं हे सगळं बघितलं.

मार्केट यार्डात पोचलो तेव्हा उजाडलं होतं. बाजार उतरलेला. आडत्या म्हणाला, "आज झोप लागली का?"

चार्जर बसवतात ते कारवाल्यांसाठी. माल जिथं उतरतो तिथं मला तरी एकही दिसला नाही. मला एवढंच म्हणायचंय. ज्याला पटत नाही त्यानं खुशाल सांगावं.

दूधवाटप_वाई

मला पटत नाही. दादा, राग मानू नका, पण तुम्ही बैल शर्यतीचा बघितला आणि औताला जुंपला. जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटरची खेप या गाडीसाठी नाहीच.

माझी गाडी चौदा महिने झाली. सकाळी गावोगाव फिरून दूध गोळा करायचं ते ३८ किलोमीटर, संध्याकाळी तेवढंच. मधे दुपारी संकलन केंद्राच्या शेडखाली साध्या १५ अँपिअरच्या पॉइंटला लावतो. महामार्गावरचा चार्जर मी आजवर बघितलेला नाही आणि बघायची इच्छाही नाही. डिझेलला किलोमीटरला सात रुपये जात होते, आता वीज दोनच्या आत बसते. पहाटे चारला गल्लीत शिरलो तरी कुत्रंसुद्धा उठत नाही. गाडी बघून घेऊ नका, फेरी बघून घ्या.

कोरेगावकर

शेड आहे म्हणून बोलताय, आबा. माझी गाडी मळ्यात उभी राहते. वस्तीवरची लाइन शेतीच्या फीडरवर. थ्री फेज आठ तास, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. उरलेल्या वेळात सिंगल फेज, आणि तिच्यावर बल्ब कंदिलासारखा जळतो. त्यावर गाडी चार्ज करू?

माणदेशी_मावळा

पंपाचा मीटर आहे की राव! साडेसात एचपीपर्यंत वीज माफ आहे २०२४ पासून. पंपाच्या पेटीतून एक वायर ओढायची, रात्रभर गाडी फुकट. हाय काय नाय काय.

वायरमन_काका

मावळ्या, असली आयडिया चारचौघांत लिहू नकोस, आणि कोरेगावकर, तुम्ही ऐकू नका. शेतीच्या कनेक्शनवर भाड्याची गाडी चार्ज करणं म्हणजे २००३ च्या वीज कायद्याचं कलम १२६, विजेचा अनधिकृत वापर. दुप्पट दरानं, वर्षभर मागचं बिल काढू शकतात. डिझेल स्वस्त वाटेल.

आता मुद्द्याचं. एकतीस वर्षं घरांच्या वायरिंगमध्ये हात घातलेत, म्हणून बोलतो. लोक बॅटरीला घाबरतात, घाबरायला पाहिजे ते सॉकेटला. गाडी १५ अँपिअरवर तीन किलोवॅट ओढते. गिझरही तेवढंच ओढतो, पण पंधरा मिनिटं. गाडी सलग सात तास ओढते, कारण २१ युनिटची बॅटरी भागिले तीन. जुनी बारीक वायर, सैल झालेला सॉकेट, पहाटे तीनला प्लास्टिकचा वास येतो. स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की पडणारा खटका), आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा), आणि खरं अर्थिंग. खरं म्हणतोय. आपल्याकडे अर्ध्या घरांत अर्थिंगची वायर भिंतीत जाते आणि तिथंच मरते. फ्रीज चालतो, मोटर चालते, कुणाला पत्ता नसतो. गाडीचा चार्जर मात्र पहिल्यांदा तेच तपासतो आणि लाल दिवा लावून बसतो. मग फोन येतो, "काका, गाडी खराब निघाली."

दुसरी गोष्ट. रोज २१ युनिट म्हणजे पंचवीस दिवसांत सव्वापाचशे. घरगुती मीटरवर हे घेतलं तर तुम्ही ५०० च्या वरच्या स्लॅबला जाता आणि किलोमीटरला रुपयाचं गणित तिथंच फिसकटतं. महावितरणकडे चार्जिंगची दरश्रेणी वेगळी आहे, त्यात स्लॅब चढत नाही. कनेक्शन मागताना तोंड उघडून तसं मागावं लागतं, आपोआप कोणी देत नाही.

आणि शिरवळच्या चार्जरवर पाटी ६० किलोवॅटची असली तरी गाडी झेपेल तेवढंच घेते. छोट्या टेम्पोला कारचा वेग मिळणार नाही, हे शोरूममध्ये सांगत नाहीत.

स्टिअरिंगवाला

मालक लोकांचं झालं असंल तर ड्रायवरचं बी ऐका. मला पगार खेपंवर हाय. डिझेल टाकायला पाच मिनटं. चार्जिंगला दीड तास थांबलो त्याचं कोण देणार? मालक म्हणतो, तेवढ्यात झोप काढ. झोपू कुठं? चार्जर एका कोपऱ्यात, वर लाइट नाही, मागं मालावर नुसती ताडपत्री. एकदा तीन क्रेट टोमॅटो गेलं, ते माझ्या हिशोबातनं कापलं.

गाडी चालवायला मात्र एक नंबर, ते खोटं नाही बोलणार. क्लच नाही, गिअर नाही, गुडघा दुखायचा थांबला.

दूधवाटप_वाई

स्टिअरिंगवाल्या, तुझं म्हणणं रास्त आहे. थांबल्या वेळाचं मालकानं द्यायला पाहिजे. पण तो दोष गाडीचा का मालकाचा?

स्टिअरिंगवाला

आबा, माझ्या खिशातनं गेल्यावर दोष कुणाचा ह्याला काय करू.

भिलारची_वाट

माझा स्ट्रॉबेरीचा हंगाम चालू आहे, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं. जमणार नाही.

घाटात इलेक्ट्रिक चालत नाही असं जो तो म्हणतो. हिशोब करून बघा. वाई साधारण ७०० मीटर उंचीवर, पाचगणी १३०० च्या आसपास. भरलेली गाडी १८०० किलो धरली तर पसरणीचा घाट नुसता उंचीसाठी तीन युनिट खातो, मोटरमधला तोटा धरून साडेतीन. म्हणजे बॅटरीचा सहावा हिस्सा बारा-तेरा किलोमीटरमध्ये गेला. बोंब मारायला जागा आहे.

पण आमचा माल वर पिकतो आणि खाली जातो. चढताना क्रेट रिकामे, उतरताना भरलेले. उतरताना मोटरच ब्रेकचं काम करते आणि वीज परत बॅटरीत भरते. टायरचं घर्षण वगैरे जाऊन एक-दीड युनिट सहज परत येतं. डिझेल गाडी पसरणी उतरताना टाकीत थेंब तरी परत टाकते का? उलट लायनर जळल्याचा वास येतो. आपल्या डोंगरी तालुक्यांत जिथं माल वरून खाली येतो तिथं ही गाडी मुद्दाम बनवल्यासारखी आहे.

एक चूक मीच केली, ती तुम्ही करू नका. वर भिलारला रात्रभर १०० टक्के चार्ज केली आणि सकाळी माल भरून उतरायला लागलो. बॅटरी तुडुंब, वीज घ्यायला जागा नाही, त्यामुळे मोटरचा ब्रेक लागेचना. पहिली चार वळणं नुसत्या पायाच्या ब्रेकवर काढली. मंडळी, देव आठवले. तेव्हापासून वर असताना ८५ ला थांबवतो.

कृष्णाकाठ_सांगली

तुमच्या साताऱ्याचं घाट आणि दूध झालं, आता सांगलीचं बघा. आमचं काम बेदाणा आणि हळद. मार्केट यार्ड ते कोल्ड स्टोअरेज, दिवसाला सहा-सात फेऱ्या, सगळ्या मिळून साठ-सत्तर किलोमीटर. दूधवाल्या आबांच्या न्यायानं हे इलेक्ट्रिकचंच काम. तरी मी घेत नाही.

कारण वजन. टाटाचा २०२२ चा एस ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रिक छोटा हत्ती, ६०० किलोचा. २०२५ ला इलेक्ट्रिक एस प्रो साडेसहा लाखांत स्वस्त आला, पण ७५० किलोचा आणि बॅटरी १४.४ युनिटची. आम्हाला दीड टन लागतो. आणि खरं बोलू का? दीड टनाच्या गाडीत आम्ही अडीच टन भरतो. बरोबर आहे असं नाही, पण पेठेत सगळे भरतात. डिझेल गाडी कण्हत का होईना जाते. इलेक्ट्रिकमध्ये तेवढं भरलं तर मोटर तापते आणि गाडी स्वतःच जोर कमी करते. शेजाऱ्याची गाडी आयर्विन पुलाच्या चढाला म्हशीसारखी बसली, मागं हॉर्नचा दणका.

शिवाय २०१९ चा पूर गणपती पेठेतल्या माणसाला सांगायला नको. २०२१ ला परत. चार्जर भिंतीवर किती उंच लावायचा? पहिल्या मजल्यावर?

वायरमन_काका

हसू नका, प्रश्न बरोबर आहे. चार्जरचा बोर्ड पूररेषेच्या वर घ्यायचा. गाडी रस्त्यावरच्या पाण्यातून जाते, पण दोन दिवस पाण्याखाली राहिली तर पाणी ओसरल्यावर गन लावायची नाही आणि सुरूही करायची नाही. आधी कंपनीचा माणूस.

दूधवाटप_वाई

सांगलीकर, जास्त भरता येत नाही हा गाडीचा दोष म्हणून सांगणारे तुम्ही पहिलेच भेटलात!

परदेशी_पाव्हणा

मूळचा कराडचा, सध्या अमेरिकेत टेक्सासला. तिथंही हीच रड आहे म्हणून लिहितो. फोर्डनं २०२२ ला एफ-१५० लाइटनिंग आणली, मोठी बॅटरी १३१ युनिटची, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीच्या सहापट. नुसती पळवली तर झकास. मागं जड ट्रेलर लावला की पल्ला निम्म्यावर. आणि चार्जरची जागा कारच्या मापाची, त्यामुळे ट्रेलर सोडायचा, चार्ज करायचं, परत जोडायचा. कोरेगावकरांचा हौदा आणि इथला ट्रेलर, दुखणं एकच. डिसेंबर २०२५ ला फोर्डनं ती गाडी थांबवत असल्याचं जाहीर केलं, पुढच्या गाडीत वीज बनवायला जनरेटर असणार म्हणे.

भिलारची_वाट

पाव्हणं, तिकडं बरेच जण पिकअप शनिवार-रविवार बोट ओढायला घेतात. आमच्या गाडीत स्ट्रॉबेरी असते, ती दुपारपर्यंत टिकत नाही. दुखणं एक असेल, औषध एक नाही. आम्हाला पल्ला वाढवून नको, गावात दुसरा पॉइंट पाहिजे.

कोरेगावकर

सगळं वाचलं. दूधवाल्या आबांचं आणि भिलारकरांचं पटलं, पण त्या दोघांकडे एक गोष्ट आहे जी माझ्याकडे नाही: संध्याकाळी गाडी कुठं लागणार हे त्यांना सकाळी माहीत असतं. भाड्याच्या गाडीला फोन येईल तिकडं पळावं लागतं. आज पुणे, उद्या फलटण, परवा कुंभार्ली घाट उतरून चिपळूण.

सरकारचं म्हणाल तर ऑगस्ट २०२५ पासून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कार आणि बसला टोल माफ. मालवाहू त्यात नाही. आपल्या आणेवाडीच्या टोलनाक्याला तर सगळेच भरतात. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत इलेक्ट्रिक ट्रकला अनुदान आहे, पण साडेतीन टनांच्या वरच्या. म्हणजे दिवसरात्र जो छोटा हत्ती पळतो, तो दोन्हीकडून बाहेर. बाजार समितीनं यार्डात चार पॉइंट बसवले, माल उतरेपर्यंत दोन तास गाडी तशीही उभीच असते, तर मी उद्या गाडी बुक करतो. लिहून घ्या.

दूधवाटप_वाई

मग दोन गाड्यांपैकी इंजिनकामाला आलेली काढा, तिच्या जागी इलेक्ट्रिक घेऊन ती जवळच्या भाड्याला ठेवा ना. कोरेगाव, सातारा, रहिमतपूर. पुण्याला डिझेल जाऊ दे. सगळा संसार एकाच गाडीवर कशाला घालताय?

कोरेगावकर

हे बायकोनंही सांगितलं होतं. तिला दाखवत नाही.

वायरमन_काका

आधी मळ्यातलं नाही, गावातल्या घरचं बिल काढा. त्यावर मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती ओढायची परवानगी, लिहिलेला असतो. किती आहे?

कोरेगावकर

०.५ किलोवॅट.

वायरमन_काका

रविवारी येतो. चहा ठेवा, आणि अर्थिंगचा खड्डा कुठं आहे ते तुमच्या वडिलांना विचारून ठेवा.