साबणातली नागमोडी नक्षी जमत नाही, मिश्रण आधीच घट्ट होतं

निळीरेघ: कोल्ड प्रोसेस साबण (न शिजवता, तेल आणि सोड्याचं पाणी घोटून केलेला). 400 ग्रॅम खोबरेल, 100 ग्रॅम एरंडेल, 82 ग्रॅम कॉस्टिक सोडा, 130 ग्रॅम पाणी. हँड ब्लेंडर सलग तीन मिनिटं, मग लवंगेचं तेल. रंगाला बीटपूड आणि हळद. रंग कालवेपर्यंत मिश्रणाचा गोळा झाला. बीट तपकिरी पडलं, हळद विटकरी. दुसऱ्या दिवशी कापताना वड्या फुटल्या, वर पांढरी भुकटीही आली. कुठे चुकतंय?

सोडापाणी: सोड्याचं माप बरोबर आहे, साधारण 5 टक्के तेल साबण न होता मोकळं राहतं. पण बाकी सगळी घाईच आहे. लवंग आणि दालचिनीची तेलं मिश्रण मिनिटाभरात आवळतात, नक्षीच्या साबणात ती नकोतच. लव्हेंडर चालेल. एरंडेल 5 टक्के पुरे. पाणीही कमी पडलंय.

हे करून पाहा: ऑलिव्ह 325, खोबरेल 150, एरंडेल 25, सोडा 71, पाणी 142 ग्रॅम. तेलं बदलली की सोडा नव्याने मोजायचा, जुना आकडा ठेवला तर हा साबण कातडी सोलेल. सोडा पाण्यात घाला, सोड्यावर पाणी कधीही नाही. भांडं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियमला सोडा खातो आणि हायड्रोजन सुटतो. हातमोजे, चष्मा हवेतच.

तेलं आणि सोड्याचं पाणी, दोन्ही 35 ते 40 अंशांवर आल्यावर एकत्र करा. ब्लेंडर पाच सेकंद, मग तोच बंद ठेवून ढवळा, पुन्हा पाच सेकंद. तेलाचे तवंग दिसेनासे झाले की थांबा. मिश्रण पातळ कढीसारखं हवं. श्रीखंड झालं तर नक्षी विसरा, चमच्याने थर लावा.

रतनजोत: थंडीत एक भर: खोबरेल 24-25 अंशांखाली थिजतं. मिश्रण गार असेल तर ते नुसतं थिजून घट्ट दिसतं, साबण झालेला नसतो. अशाने पुढे तेल वेगळं होतं.

बीट आणि जास्वंद सोड्यात टिकत नाहीत. हळद लालसर होणारच, हवी तर तशीच वापरा. निळ्यासाठी अल्ट्रामरीन ही निळी रंगपूड (कपड्यांची बाटलीतली नीळ नव्हे!), जांभळ्यासाठी रतनजोतीची मुळं कोमट तेलात मुरवून गाळलेलं तेल. पांढऱ्याला टायटॅनियम डायऑक्साइड. पूड आधी चमचाभर तेलात घोटा, कोरडी टाकली की ठिपके राहतात. पाव किलो मिश्रणाला अर्धा चहाचा चमचा.

साच्यात रंग आलटूनपालटून ओता. मग जाड तारेचा यू आकार तळापर्यंत घालून पाच-सहा वेढे, बस्स. सातव्या वेढ्याला सगळं राखाडी होतं. हात आवरणं हीच यातली खरी कला.

सोडापाणी: वड्या फुटल्या त्या 80 टक्के खोबरेलामुळे. तसा साबण सहा-आठ तासांतच कापावा लागतो. वरच्या कृतीचा मात्र दोन दिवसांनी कापा, बोट रुतत असेल तर आणखी थांबा. तार साच्याच्या लांबीला समांतर धरून वेढे घातले असतील तर आडव्या कापात नक्षी उघडते.

पांढरी भुकटी म्हणजे धुण्याचा सोडा, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे बनतो. ओतल्याबरोबर क्लिंग फिल्म लावा. आली तर वाफ दाखवून पुसा. वड्या जाळीवर सहा आठवडे सुकू द्या, ऑलिव्ह जास्त आहे म्हणून आठ दिले तर उत्तम.