गामा आडनाव म्हणजे वास्कोचं रक्त? कोणी सांगितलं?

रेवदंड्याचा_वारा
काल एका हौशी गृहस्थांची पोस्ट वाचली आणि रात्री नीट झोपच लागली नाही. म्हणे "गोव्यात आजही द गामा आडनावाची घरं आहेत, म्हणजे वास्कोचं रक्त आपल्याकडे आहे, चला पोर्तुगालला जाऊन या थोर घराण्याचा मागोवा घेऊ, वंशज शोधू". फिरायला जरूर जा, माझी ना नाही. सिनेशला जन्मगाव बघा, विदिगेराला जा, लिस्बनला जेरोनिमोच्या मठात थडग्यापुढे सेल्फी काढा. पण आडनावावरून रक्त कसं काय ठरवलंत बुवा? बाप्तिस्म्याच्या वेळी जो पाद्री किंवा जो धर्मपिता असेल त्याचं आडनाव चिकटायचं, हे गोव्यातलं शेंबडं पोर सांगेल. पुरावा पाहिजे तर वास्कोच्याच पहिल्या सफरीतला घ्या. १४९८ च्या सप्टेंबरात परतताना तो कारवारसमोर अंजदीव बेटावर थांबला होता, तिथे एक ज्यू गृहस्थ आला, गोव्याच्या आदिलशाही अधिकाऱ्याच्या पदरचा. हेर म्हणून धरला, बडवला, लिस्बनला नेला, बाप्तिस्मा झाला आणि तो झाला गास्पार द गामा! पुढे पोर्तुगीज दर्यावर्दी कब्रालच्या आरमारातून ब्राझीलपर्यंत जाऊन आला. आता हा वास्कोचा कोण लागला, चुलता की मेव्हणा?
आणि "थोर" हा शब्द वापरताना १५०२ ची मीरी आठवा. हजहून परतणाऱ्या शेकडो माणसांचं ते जहाज वास्कोने, बायकापोरांसकट, लुटून पेटवून दिलं. ते पोस्टमध्ये कुठे दिसलं नाही.

फिरस्ता_७७
ती पोस्ट माझीच. पोटात इतकं का दुखतंय कळलं नाही. मीरीबद्दल मी काय तुम्हाला शिकवू? पण एखाद्या माणसाच्या घराण्यात रस असणं म्हणजे त्याची आरती ओवाळणं नव्हे. ते घराणं इंटरेस्टिंग आहेच. भाऊ पावलो पहिल्या सफरीत साओ राफाएलचा कप्तान, परतीच्या वाटेवर आजारी पडून अझोर्समध्ये गेला, वास्को जहाज पुढे पाठवून त्याच्याजवळ थांबला होता. मुलगा एस्तेव्हांव १५४० ते ४२ इथला गव्हर्नर, १५४१ ला आरमार घेऊन थेट सुएझपर्यंत गेला. दुसरा मुलगा क्रिस्तोव्हांव चारशे माणसं घेऊन इथिओपियाच्या राजाच्या मदतीला गेला, १५४२ ला हरला आणि मुंडकं गमावून बसला. पणतू फ्रान्सिस्को दोनदा व्हाइसरॉय. आपण देशमुख इनामदारांचे कुलवृत्तांत तीन तीन खंडांत छापतो तेव्हा चालतं, त्यांनी कोणाची गावं जाळली ते त्यात कुठे असतं हो?

मुरगांवचो_पात्रांव
दोघांनाही नमस्कार. माझा जन्म वास्कोचा, म्हणजे शहरातला, माणसातला नव्हे. तुम्ही रक्ताचं बोलता, इथे आमच्या खिडकीवर रोज सकाळी फडकं मारलं की बंदरातल्या कोळशाने काळं होतं, त्याचं कोण बोलणार? निवडणूक आली की शहराचं नाव बदला म्हणतात, धूळ आहे तिथेच. पणजीतली इन्स्टिट्यूट वास्को द गामाची मिनेझिस ब्रागांझा झाली, ठीक झालं, पण आमच्याकडे नाव बदलून बंदर थोडंच धुतलं जाणार. आणि फ्रान्सिस्कोचं नाव काढलंत म्हणून सांगतो, जुन्या गोव्याच्या कमानीवर पणजोबाचा पुतळा त्यानेच बसवला. तो १६०० ला परत निघाला तेव्हा गोव्याच्या पोर्तुगीजांनीच रागापोटी पुतळा खाली ओढून तुकडे गावभर टांगले. फोडायला आमची गरज लागली नाही रे बाबा, घरच्यांनीच फोडला.

फिरस्ता_७७
हे सॉलिड आहे. पुतळ्याचं माझ्याकडून राहिलं होतं, टाकतो.

कुळाचार
मूळ मुद्दा बाजूलाच पडला. आडनाव बदललं म्हणजे माणूस तुटला, एवढंच मला दिसतं. ज्यांनी कामत, प्रभू, नायक सोडून डिसोजा लावलं त्यांचं कूळ तिथेच संपलं, आता पोर्तुगालला शोधा नाहीतर चंद्रावर.

अक्कांची_धाकटी
कुळाचार, तोंड सांभाळून. माझं माहेर गोव्यातल्या सासष्टीतलं, आडनाव पोर्तुगीज, आणि आमचं कूळ कोणाच्या सर्टिफिकेटवर चालत नाही. आमच्या गावच्या कोमुनिदादीत, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीच्या संस्थेत, वांगड म्हणजे मूळ घराण्यांचे गट चालतात, गावकार म्हणून नाव लागतं ते बापाकडून येतं, आडनावाचा तिथे काही संबंध नाही. माझ्या आजोबांच्या घराण्यात जुन्या काळी दोन सख्ख्या भावांना दोन आडनावं होती, धर्मपिते वेगळे म्हणून! वांगड मात्र एकच. आईला आमचं जुनं आडनावही ठाऊक होतं, ती ते लग्नकार्यात मुद्दाम सांगायची, म्हाताऱ्या माना डोलवायच्या. तुटलं म्हणता ते काय?

कुळाचार
चार म्हाताऱ्यांच्या माना म्हणजे इतिहास नव्हे. आणि मी कोणाचा अपमान केलेला नाही, उगाच अंगावर ओढून घेऊ नका.

अक्कांची_धाकटी
तुमचंही आडनाव कुठल्या तरी गावाच्या नावापुढे "कर" लावूनच झालं असेल ना? त्याआधी तुमचे पूर्वज काय बिनकुळाचे होते?

रेवदंड्याचा_वारा
बरोब्बर. आमच्या खाडीपलीकडे कोर्लई आहे, तिथली ख्रिश्चन मंडळी अजून पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात, नौ लिंग, म्हणजे आमची भाषा. १७४० ला चौल मराठ्यांच्या ताब्यात आलं, फिरंगी गेले त्याला पावणेतीनशेच्यावर वर्षं झाली, बोली राहिली. माझा शाळेतला मित्र तिथलाच, घरी ती बोली, आमच्याशी आगरी मराठी, आणि गणपतीत आमच्या घरी मोदकांना सगळ्यात आधी हजर. त्याला विचारलं तू पोर्तुगीज का रे, तर म्हणाला, "मी कोर्लईचा." विषय संपला. आणि गंमत बघा, वास्को १५२४ ला व्हाइसरॉय म्हणून आला तेव्हा गोव्याच्याही आधी चौललाच उतरला होता. एस्तेव्हांव आणि पावलो ही पोरं बरोबर होती. म्हणून आम्ही चौलकर काय त्याचे भाचे झालो?

गलबत_गप्पा
अहो पण वास्कोला इथपर्यंत आणला कोणी? मालिंदीहून वाटाड्या गुजराती होता, आमच्या कच्छचा कानजी मालम! त्यावर कोणीच बोलत नाही.

रेवदंड्याचा_वारा
आलं का हे! पूर्वी अरब दर्यावर्दी इब्न माजिदचं नाव चिकटवलं होतं, ते टिकलं नाही म्हणून आता कानजी. गुजराती असल्याचं जुन्या लिखाणात येतं, ते मान्य, पण कानजी हे नाव नंतरचं. तरी एक खरं, आपल्या लोकांचं ऐकून पाऊसवारा पाहिला असता तर बरं झालं असतं. कालिकतहून ऑगस्टअखेर घाईने निघाला, वारा उलटा, अंजदीवहून आफ्रिका गाठायला ऑक्टोबर ते जानेवारी तीन महिने लागले, हिरड्या सुजून माणसं पटापट मेली, शेवटी जहाज चालवायला हात पुरेनात म्हणून साओ राफाएल जाळून टाकावं लागलं. मे महिन्यात मालिंदीहून यायला तेवीस दिवस लागले होते!

फिरस्ता_७७
वाऱ्याचं पटलं, इतर गोष्टींचं बघू. पण मला सांगा, गोव्यातल्या एखाद्या घरात खरोखर एस्तेव्हांवचा अंश असूच शकत नाही, हे तुम्ही कशावरून म्हणता? सैनिक, अधिकारी इथे राहत होते, घरं करत होते.

रेवदंड्याचा_वारा
असू शकत नाही असं म्हटलंच नाही मी. आडनावावरून कळत नाही म्हटलं. बाराखडीपासून सांगू का? अहो त्या घराण्याचं मूळ शरीरसुद्धा एका जागी राहिलं नाही. वास्को कोचीनला १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी मेला, सेंट फ्रान्सिसमध्ये पुरला, मग विदिगेराला नेला, १८८० ला लिस्बनला नेताना भलतीच हाडं उचलली आणि १८९८ ला खरी नेली. ज्यांना स्वतःच्या माणसाची हाडं ओळखता आली नाहीत त्यांच्या वंशाचा शोध तुम्ही गोव्यातल्या फोनबुकातून घेणार!

मुरगांवचो_पात्रांव
हाहाहा. पात्रांव, हे भारी.

कुळाचार
ठीक आहे, वांगडाचा मुद्दा मला ठाऊक नव्हता. पण म्हणून मी माझं मत बदललं असं समजू नये.

अक्कांची_धाकटी
कसलं काय समजू. देव बरें करूं.

फिरस्ता_७७
बरं बाबा, जिंकलात. पोस्ट एडिट केली, "वास्कोचं रक्त" काढून "वास्कोचं आडनाव" केलं, मीरीचाही एक परिच्छेद घातला, पुतळाही टाकला. आता तरी झोप लागेल ना?

रेवदंड्याचा_वारा
पाहिलं. तिसऱ्या ओळीत "वंशज" अजून तसाच आहे.